बांध झाला, शेत पिकलं का? सरकारी निधीच्या कामाचं उद्दिष्ट आणि निर्देशक कसे ठरवावेत

गोव्यातल्या खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरचा फलक तुम्ही पाहिला असेल. कामाचं नाव, खातं, मंजूर रक्कम, बांधाची लांबी, काम सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, ठेकेदाराचं नाव. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या शेवटी, अशाच एका फलकाशेजारी मी उभा होतो. बांध भक्कम होता. चिरे नीट बसवलेले, मानशीची (भरतीचं पाणी अडवणाऱ्या झडपेची) दारं नवी. आतल्या जमिनीत मात्र अर्ध्याहून जास्त भागात खारं गवत आणि तिवरांची रोपं होती. भाताचे हिरवे तुकडे मोजायला दोन हातांची बोटं पुरली. बांध बांधला त्या जमिनीसाठी, पण तिच्याबद्दल फलकावर एक ओळ नव्हती.

फाइल मी नंतर पाहिली. एस्टिमेट, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, टेंडर, मेजरमेंट बुक, अंतिम बिल, सगळं जागच्या जागी. उद्दिष्टाच्या रकान्यात दोनच शब्द होते: 'शेतकऱ्यांच्या हितासाठी'. पैसा कुणी खाल्ला नव्हता, काम कच्चं नव्हतं. पण किती जमीन लागवडीखाली यायला हवी हे कुणी लिहिलंच नव्हतं. त्यामुळे ती आली नाही हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

असे प्रस्ताव वाचण्यात आणि दुरुस्त करून देण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. पंचायत सचिव, पंच, कूळ संघटना (खाजन कसणाऱ्या कुळांची संघटना), स्वयंसाहाय्य गट आणि खात्यांतले कनिष्ठ अधिकारी यांच्यासाठी ती रीत इथे पायरी-पायरीने मांडतो. एका प्रस्तावाला दोन बैठका आणि एक शिवारफेरी पुरते.

हे आपल्याला करायलाच हवं का?

हो, आणि तसा नियमही आहे. उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे खर्चाचा दाखला, असं आपण धरून चालतो. सामान्य वित्तीय नियम त्यापेक्षा जास्त विचारतात: या रकमेतून जी लक्ष्यं गाठायची होती ती गाठली का, आणि नसतील तर का नाही. केंद्राने २००५-०६ पासून आउटकम बजेट, म्हणजे खर्चातून काय साधणार ते सांगणारा अर्थसंकल्प, मांडायला सुरुवात केली. २०१७-१८ पासून केंद्रीय योजनांची कामं आणि त्यांचे अपेक्षित परिणाम एकत्र मांडले जाऊ लागले. महालेखापरीक्षकांचं कामगिरी लेखापरीक्षण तीन गोष्टी तपासतं: काटकसर, कार्यक्षमता आणि परिणामकारकता. आपल्या राज्यात तर नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यमापन असं नाव असलेलं स्वतंत्र संचालनालयच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. त्या पैशातून वाड्यावरच्या (वस्तीवरच्या) घराला नेमकं काय मिळालं, हे विचारण्याचा हक्क गावाला आहे.

पहिली पायरी: अडचण माणसांच्या आणि जागेच्या नावाने लिहा

'सर्वांगीण विकास', 'सक्षमीकरण', 'जनजागृती', 'जीवनमान उंचावणे' हे शब्द प्रस्तावात दिसले की मी पेन्सिलीने त्यांच्याभोवती गोल काढतो आणि विचारतो: कुणाचं, कुठे, काय? उत्तर मिळालं की ते उत्तर लिहायचं आणि गोल केलेला शब्द काढून टाकायचा.

'गावात पाण्याची समस्या आहे' हे अडचणीचं वर्णन म्हणून निरुपयोगी आहे. एका पंचायतीत पाण्याच्या प्रस्तावावर बैठक चालू होती. शेवटच्या वाड्यावरची एक आजी मागे बसली होती. तिला विचारलं, "आजी, नळाला पाणी येतं ना?" ती म्हणाली, "येतं ना बाबा. पहाटे साडेपाचला येतं आणि सहाला जातं. सून कामाला जाते, मी गुडघ्यांनी अधू. भरणार कोण?" या चार वाक्यांत प्रस्तावाला हवं ते सगळं होतं: कुठला वाडा, किती वेळ, कुठली वेळ आणि झळ कुणाला. सचिवबाईंनी ती तशीच वहीत उतरवून घेतली. पुढे प्रस्तावाचं पहिलं पान त्यावरूनच तयार झालं.

म्हणून अडचण लिहिण्याआधी ज्यांना ती भोगावी लागते त्यांच्यापैकी निदान दहा जणांशी बोला. त्यातले निम्मे ग्रामसभेला कधी न येणारे असावेत.

दुसरी पायरी: 'आणि मग?' असं विचारत साखळी बांधा

प्रत्येक योजनेत पाच कड्या असतात. निधी, त्यातून होणारं काम, कामातून हाती येणारी वस्तू किंवा सेवा, तिच्यामुळे लोकांच्या व्यवहारात पडणारा फरक, आणि लांब पल्ल्याचा बदल. सरकारी कागदांत तिसऱ्या कडीला उत्पादन किंवा आउटपुट म्हणतात, चौथीला परिणाम किंवा आउटकम, पाचवीला प्रभाव. नावं विसरलात तरी चालेल, फक्त दर कडीनंतर 'आणि मग?' विचारत राहा.

खाजनाचंच घ्या. निधी आला. आणि मग? बांध दुरुस्त झाला, मानस बसवली. आणि मग? भरतीचं खारं पाणी आत शिरायचं थांबलं. आणि मग? पावसाने जमिनीतला खार धुतला गेला. आणि मग? कुळांनी सरदीचं, म्हणजे पावसाळी हंगामाचं, भात लावलं. आणि मग? घरात तांदूळ आला, पडीक राहिलेली शेती वाचली.

साखळी अशी मांडली की तिचे कच्चे दुवे आपोआप दिसतात. मानस कोण उघडतो आणि बंद करतो? मानशीवरच्या मासळीचा लिलाव होत असेल, तर लिलाव घेणाऱ्याला खारं पाणी आत आलेलं हवं असतं आणि भातवाल्याला नको असतं. हा झगडा गोव्यात जुना आहे, आणि चिऱ्यांचा बांध कितीही पक्का केला तरी तो मिटत नाही. दुसरा दुवा: जमीन गोडी झाली तरी नांगरायला माणूस आहे का? कूळ मुंबईत किंवा आखातात असेल, तर पॉवर टिलर कोण चालवणार? फलकाशेजारच्या त्या शेतात नेमकं हेच झालं होतं. बांधाला पैसे होते, पण लागवडीसाठी एकत्र येण्याची बैठक कुणी बोलावलीच नव्हती. प्रस्तावात ती एक बैठक आणि टिलरचं भाडं घातलं असतं तर खर्चात नाममात्र वाढ झाली असती.

तिसरी पायरी: उद्दिष्ट एका वाक्यात

वाक्यात पाच गोष्टी यायला हव्यात: कोण, कुठे, काय बदलेल, आज किती आणि उद्या किती, कधीपर्यंत. उदाहरणासाठी समजा एक खाजन ६० हेक्टरचं आहे. मग वाक्य असं होईल:

'अमुक खाजनातल्या ६० हेक्टरपैकी सध्या कुळं २२ हेक्टरवर सरदीचं भात घेतात; बांधकाम पूर्ण झाल्यानंतरच्या दुसऱ्या सरद हंगामात ते ४५ हेक्टरवर घेतलं जाईल.'

वाक्यात बांध किती मीटरचा हे नाही. ते एस्टिमेटमध्ये आहे आणि तिथेच शोभतं. शेतकऱ्यांचं उत्पन्न दुप्पट होईल असंही नाही, कारण भाताचा भाव, मजुरी आणि पाऊस यांतलं काहीच कूळ संघटनेच्या हातात नाही. उद्दिष्ट आपला हात पोचेल तिथपर्यंतच असावं, पण हाताला थोडा ताण पडेल इतकं लांब असावं.

एका कामाला एकच मुख्य उद्दिष्ट ठेवा. प्रस्ताव वजनदार दिसावा म्हणून सात उद्दिष्टं लिहिली, तर वर्षअखेरीस सातांपैकी सोपी असतील ती साधल्याचं सांगितलं जातं आणि अवघड असतं ते मागे पडतं.

चौथी पायरी: निर्देशक

इथे मात्र घाई करू नका. आपण काय मोजणार आणि ते कसं मोजणार, याचा ठराव म्हणजे निर्देशक. दोन वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या दिवशी मोजलं तरी आकडा साधारण तोच यायला हवा. तसं होत नसेल तर व्याख्या कच्ची आहे असं समजा.

पाण्याचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. ग्रामीण भागातल्या १०० टक्के घरांना नळजोडणी दिल्याचं गोव्याने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये 'हर घर जल' म्हणून प्रमाणित झालेलं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. हे काम मोठं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण म्हणूनच 'किती घरांना जोडणी' हा निर्देशक आता इथे काही सांगत नाही, कारण सगळीकडे उत्तर एकच येणार. जल जीवन मिशनची स्वतःची व्याख्या याहून पुढे जाते. तिच्यात जोडणी 'कार्यरत' असायला हवी: माणशी रोज ५५ लिटर, ठरलेल्या दर्जाचं आणि नियमित. या तीन गोष्टी वाड्यावर मोजता येतात.

कसं, ते सांगतो. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर पाणी लागतं. वीस लिटरची बालदी आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन टाकीच्या आधीच्या नळावर जा. बालदी दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला १० लिटर, म्हणजे २७५ लिटरला साडेसत्तावीस मिनिटं. चार मिनिटं लागली तर पंचावन्न मिनिटं. त्या घराला पाणी अर्धाच तास येत असेल, तर पहिलं घर कसंबसं निभावतं आणि दुसऱ्याला निम्म्याच्या आसपास मिळतं. दोन्ही घरांत नळजोडणी आहे, मीटर आहे, बिल येतं. फरक फक्त बालदी दाखवते. मोजणी एकाच दिवशी करू नका. आठवड्यातले तीन दिवस घ्या, त्यातला एक रविवार असू द्या.

मग निर्देशक असा लिहायचा: 'शेवटच्या दोन वाड्यांवरच्या वस्ती असलेल्या घरांपैकी, मे महिन्यात मोजलेल्या तिन्ही दिवशी माणशी ५५ लिटर पाणी मिळालेल्या घरांचं प्रमाण.' वाक्य लांब आहे, पण त्यातला एकेक शब्द काढून पाहा. 'मे महिन्यात' काढलं तर कुणीतरी ऑगस्टमध्ये मोजून सगळं आलबेल दाखवेल. 'तिन्ही दिवशी' काढलं तर एका चांगल्या दिवसावर घर पास होईल. 'वस्ती असलेल्या' हा शब्द तर गोव्यात फारच महत्त्वाचा. आपल्याकडे कुलूपबंद घरं भरपूर आहेत. कुणी जहाजावर, कुणी लंडनला, कुणाच्या वाटण्या अडलेल्या. घरपट्टीच्या नोंदवहीत ४०० घरं असली तरी प्रत्यक्षात त्यातली बरीच बंद असतात. छेदात कुठली घरं धरली हे लिहिलं नाही, तर टक्केवारी हवी तिकडे वाकवता येते.

खाजनाच्या कामाला मी दोन निर्देशक ठेवेन. पहिला, सरदीत प्रत्यक्ष भात उभं असलेलं क्षेत्र. दुसरा, मातीचा खारटपणा. मातीची विद्युत वाहकता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली की जमीन खारट मानतात, आणि साधं भात ३ च्या पुढेच मार खाऊ लागतं. कोरगुटसारखी आपली जुनी जात यापेक्षा बराच जास्त खार सोसते. नमुने दर वेळी त्याच जागांवरून, त्याच खोलीवरून घ्या आणि एकाच प्रयोगशाळेत द्या. माती आणि पाण्याचं प्रमाण बदललं की वाहकतेचा आकडा बदलतो. वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून जमीन सुधारल्याचा निष्कर्ष काढलेला मी पाहिला आहे. त्या निष्कर्षाला काहीच अर्थ नव्हता.

प्रशिक्षणांबद्दल एकच सांगतो. 'लाभार्थी महिला: ५०' हा आकडा तीन शिबिरांत त्याच सतरा-अठरा बायका आल्यामुळेही बनतो. नावं मोजा, हजेरीच्या सह्या मोजू नका. सहा महिन्यांनी त्यांतल्या किती जणी शिकलेल्या कामातून पैसे कमावताहेत, हे प्रत्येकीला विचारा.

पाचवी पायरी: आजचा आकडा

सगळ्या पायऱ्यांमध्ये सर्वांत जास्त टाळली जाते ती ही, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचीही हीच. काम सुरू होण्याआधी मोजलं नाही तर नंतर मोजण्याला अर्थ उरत नाही. बांध झाल्यावर ४५ हेक्टरवर भात आहे हे कळलं, पण आधी ४३ होतं की २२ हे माहीत नसेल तर काय सांगणार?

'आकडे आहेत की खात्याकडे' असं उत्तर हमखास मिळतं. असतात, पण ते कशाचे आहेत ते पाहा. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या हक्कनोंदीवर) कूळ कोण आणि जमीन कसली हे कळतं. यंदा नांगर लागला का, हे कळत नाही. शेतकऱ्यांच्या नोंदणीच्या कृषी कार्डांची संख्या म्हणजे पेरलेली हेक्टरं नव्हेत. म्हणून शिवारफेरी करावी लागते. सर्व्हे नंबरांचा नकाशा मोठा करून घ्या, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भात उभं असताना दोन माणसं बांधावरून चालत जाऊ द्या. एक गावातला, एक बाहेरचा. भात दिसलं तो तुकडा हिरवा रंगवायचा, पडीक दिसला तो पिवळा, पाणी साचलेला निळा. साठ हेक्टरला एक सकाळ पुरते. नकाशावर दोघांच्या सह्या, तारीख आणि चार फोटो घ्या. हाच तुमचा पायाभूत आकडा, आणि वर्षानंतर वाद झाला तर तुमचा साक्षीदार.

घरोघरच्या मोजणीत सगळी घरं घ्यायची गरज नसते. नमुना चिठ्ठीने, म्हणजे खरोखर स्वैर निवडलेला असेल, तर मोठ्या वस्तीतही ९६ घरं पुरतात. शंभर वेळा असं केलं तर ९५ वेळा उत्तर खऱ्या टक्केवारीपासून दहा टक्क्यांच्या आत राहतं. वस्ती ४०० घरांची असेल तर ७८ घरांवर भागतं. पद्धत सोपी आहे. वस्ती असलेल्या घरांची यादी घरपट्टीच्या वहीवरून करा. ४०० ला ७८ ने भागलं की साधारण पाच येतात, म्हणून एक ते पाच आकड्यांच्या चिठ्ठ्या टाका. तीन निघाला तर तिसरं घर, मग आठवं, तेरावं, असं दर पाचवं. कुणी घरी नसेल तर पुन्हा दोनदा जा. तरीही भेट झाली नाही तर तशी नोंद करा. शेजारचं दार ठोठावू नका. दिवसभर घरात असणाऱ्यांचा अनुभव आणि कामावर जाणाऱ्यांचा अनुभव वेगळा असतो, म्हणून शेजारच्या घराने त्या घराची जागा भरून निघत नाही. मुळातच आठ-दहा घरं जास्त निवडून ठेवा.

आकडा वाड्यावार वेगळा मांडा. बाई-पुरुष वेगळं करा. गावडा, कुणबी, वेळीप कुटुंबांची किंवा धनगरवाड्याची वस्ती असेल तर तीही वेगळी दाखवा. गावाची सरासरी ८० टक्के असली तरी डोंगराकडच्या वाड्याची २० असू शकते, आणि कामाची खरी गरज त्या वाड्याला असते.

सहावी पायरी: लक्ष्य आणि मुदत

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. खाजनाला ते माहीत नाही. बांधाचं काम पाऊस संपल्यावर सुरू होतं आणि मेअखेर आटोपावं लागतं. त्यानंतरच्या पावसात खार धुतला जातो. पहिल्या सरदीत काही कुळं धाडस करतात, बाकीची पाहतात. दुसऱ्या सरदीत खरा आकडा दिसतो. म्हणून पहिल्या मार्चला फक्त काम किती झालं ते सांगा, पहिल्या सप्टेंबरला खारटपणा आणि सुरुवातीची लागवड, दुसऱ्या सप्टेंबरला मुख्य लक्ष्य. हे वेळापत्रक प्रस्तावातच लिहिलेलं असलं की मार्चमध्ये कुणी परिणाम मागितला तर दाखवायला कागद असतो, आणि ओढूनताणून आकडे द्यावे लागत नाहीत.

लक्ष्य किती ठेवावं? शेजारच्या गावात असंच काम झालं असेल तर तिथे काय साधलं ते जाऊन पाहा. १०० टक्के लिहिण्याचा मोह टाळा. काही कुळांचे दावे मामलेदाराकडे पडून असतात, काही जमिनी तिवरांखाली गेल्या की सहज परत मिळत नाहीत. साठातली पंधरा हेक्टरं सुरुवातीलाच बाजूला ठेवून, का ठेवली ते लिहिणं जास्त प्रामाणिक आहे.

सातवी पायरी: निर्देशक फसवू शकतो, म्हणून त्याला जोडीदार द्या

१९७५ मध्ये चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने चलनधोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं. त्याचा मथितार्थ असा, की एखादं मोजमाप हेच लक्ष्य झालं की ते मोजमाप म्हणून विश्वासाचं राहत नाही. आपल्याकडे याची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. कचऱ्याचा निर्देशक 'गोळा केलेला टन' ठेवला की ओला कचराही वजनासाठी गाडीत चढतो. मग 'वेगळा करून दिलेल्या सुक्या कचऱ्याचं प्रमाण' हा जोडीदार हवा. मानशीच्या लिलावाचं उत्पन्न वाढलं म्हणून कूळ संघटनेचं कौतुक होत असेल, तर त्याच कागदावर मातीचा खारटपणाही लिहिलेला असावा. तक्रारी किती मिटवल्या याबरोबर, मिटल्याचं तक्रारदाराने किती वेळा मान्य केलं, हेही विचारा.

मोजणारा आणि काम करणारा वेगळा असेल तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण गोव्यातच घडलं आहे. राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही स्वयंसेवी संस्था यांनी २०१४ पासून कुत्र्यांना रेबीजची लस द्यायला सुरुवात केली. अशा मोहिमेत किती लसी टोचल्या हा आकडा सहज मिळतो. पण आजाराची साखळी तुटायला साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळायला हवी, आणि रस्त्यावरची कुत्री किती आहेत हे कुणाच्या वहीत नसतं. म्हणून लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण केली जाई. नंतर सर्वेक्षण करणारे त्याच भागात फिरून खूण असलेली आणि नसलेली कुत्री मोजत. खुणा कमी दिसल्या तर लसीकरणवाले पुन्हा त्या भागात जात. लसींची संख्या हे उत्पादन, रंगीत खुणांचं प्रमाण ही व्याप्ती, आणि रेबीजने होणारे मृत्यू हा परिणाम. तिन्ही वेगवेगळे मोजले गेले. २०१८ पासून पुढची काही वर्षं राज्यात माणसाचा रेबीजने मृत्यू नोंदला गेला नाही, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. रंगाच्या त्या डब्याला फार खर्च येत नाही. आपल्या कामातला 'रंगाचा डबा' कोणता, हे प्रत्येक प्रस्तावाच्या वेळी शोधा.

पैसे थेट खात्यात जाणाऱ्या योजना

राज्याच्या गृह आधार (गृहिणींना दरमहा मदत) किंवा दयानंद सामाजिक सुरक्षा (वृद्ध, निराधारांना मदत) यांसारख्या योजनांमध्ये उत्पादन म्हणजे जमा झालेली रक्कम, आणि ती मोजणं सोपं आहे. तिथे तीन प्रश्न विचारावेत. पात्र असून यादीबाहेर किती जण आहेत? रक्कम ठरल्या तारखेनंतर किती दिवसांनी पडते? हयातीचा दाखला वेळेत न दिल्याने किती वृद्धांचे पैसे थांबले? गृह आधारचे दीड हजार रुपये पाच तारखेला येणार की पंचवीसला, यावर घरातला किराणा ठरतो. योजना चालवणाऱ्याच्या दृष्टीने तो वीस दिवसांचा फरक किरकोळ असतो, घराच्या दृष्टीने नसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पंचायतीचं लक्ष्य म्हणून वापरू नका. चौथ्या फेरीत गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३१ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, पाचवीत ३९ टक्के. आकडा काळजीचा आहे आणि गावाने त्यावर काम करायलाच हवं. पण ते सर्वेक्षण गावाचा आकडा देत नाही, आणि पुढची फेरी काही वर्षांनी येते. गावाने आपला निर्देशक जवळचा घ्यावा: अंगणवाडीत नोंद असलेल्या गरोदर बायकांपैकी किती जणींचं हिमोग्लोबिन ठरल्या वेळी तपासलं, आणि कमी निघालेल्यांपैकी किती जणींचं पुढच्या तपासणीत वाढलं.

आठवी पायरी: कोण, कधी, कुठल्या वहीत

प्रत्येक निर्देशकासमोर हुद्दा लिहा. 'पंचायत' किंवा 'समिती' असं लिहू नका. सचिव, अंगणवाडी सेविका, कूळ संघटनेचा चिटणीस, विभागीय कृषी कार्यालयाचा साहाय्यक, असं नेमकं. नोंद कुठल्या वहीत होणार, आणि मोजणीचा खर्च कुठून येणार, तेही लिहा. शिवारफेरीच्या दोन सकाळी, माती परीक्षण, नकाशाच्या प्रती, फेरी करणाऱ्यांचा चहा. रक्कम छोटी असते, पण प्रस्तावात नसेल तर ती कुणाच्या तरी खिशातून जाते आणि दुसऱ्या वर्षी मोजणीच होत नाही. निर्देशक तीन ते पाचच ठेवा. सचिवांच्या टेबलावर आधीच किती रजिस्टरं आहेत ते मोजून मगच सहावा सुचवा.

आमच्या खाजनाचा कागद शेवटी असा दिसेल:

उद्दिष्ट: ६० पैकी २२ हेक्टरवरून ४५ हेक्टरवर सरदीचं भात, दुसऱ्या हंगामापर्यंत.
काम: बांध आणि मानस मेअखेर पूर्ण. नोंद मेजरमेंट बुकात, जबाबदारी कनिष्ठ अभियंत्याची.
मधला टप्पा: दहा ठरलेल्या जागांवरची माती, मे आणि सप्टेंबरमध्ये. जबाबदारी कृषी साहाय्यकाची.
परिणाम: सप्टेंबरची शिवारफेरी, रंगवलेला नकाशा. जबाबदारी संघटनेचा चिटणीस आणि बाहेरचा एक जण.
जोडीदार: मानस कधी उघडली, कधी मिटली याची रोजची नोंद, आणि लिलावाची रक्कम.
गृहीत: लागवडीची सामूहिक बैठक एप्रिलमध्ये होईल, टिलर भाड्याने मिळेल.

नववी पायरी: ग्रामसभेत वाचून दाखवा

गोव्यात जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी नियमित ग्रामसभा असते. एप्रिलमध्ये हा कागद वाचा, ऑक्टोबरमध्ये आकडे वाचा. मोठ्याने, नकाशा भिंतीवर लावून. लक्ष्य हुकलं असेल तर साखळीतली कुठली कडी तुटली तेही सांगा: काम अपुरं राहिलं, की काम पूर्ण होऊनही लोकांनी लागवड केली नाही, की मुळात आपला अंदाज चुकला. तिन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. पहिलीत ठेकेदाराला बोलावायचं, दुसरीत कुळांना, तिसरीत प्रस्ताव नव्याने लिहायचा. लक्ष्य हुकल्याबद्दल सचिवांवर तुटून पडणाऱ्या सभेत पुढच्या वर्षी खरा आकडा येत नाही, म्हणून सरपंचांनी सुरुवातीलाच तेवढं सांभाळावं.

आणि फलक रंगवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, की खर्चाच्या रकमेखाली दोन ओळींची जागा मोकळी सोड. पहिल्या ओळीत आज लिहायचं: 'बांधाआधी सरदीचं भात: २२ हेक्टर'. दुसरी ओळ दुसऱ्या सप्टेंबरच्या फेरीनंतर, नकाशावरचे हिरवे तुकडे मोजून, त्याच रंगाने भरायची.